सैन्यखरेदीवर हसवणाऱ्यांनो, ती हातोडी आता खाली ठेवा

सैन्याच्या उधळपट्टीवर आणि कागदी कारभारावर विनोदी चित्रपट, मालिका, नाटके आणि एकपात्री प्रयोग लिहिणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

सरकारी खरेदीच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. संरक्षण खात्याशी माझा संबंध आला नाही, पण मागणीपत्र, तांत्रिक निकष, निविदा, चाचणी, स्वीकृती ही साखळी मी आतून पाहिली आहे. वस्तू कोणतीही असो, साखळी तीच असते. तोफगाड्यांच्या आणि लढाऊ विमानांच्या बाबतीत ती फक्त जास्त लांब, जास्त गुप्त आणि कितीतरी पट महाग होते. या विषयावर विनोदाइतके परिणामकारक दुसरे काही नाही, असे मला मनापासून वाटते. लेखापरीक्षकांचा अहवाल मोजकी माणसे वाचतात, तुमचा एक चांगला प्रवेश मात्र लाखो लोक पाहतात आणि वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत राहतात. म्हणूनच तुम्ही नेमके कशावर हसवता, याची मला काळजी वाटते.

माझी पहिली विनंती म्हणजे ती महागडी हातोडी आता खाली ठेवा. १९८३ साली अमेरिकी नौदलाच्या एका कंत्राटात साध्या हातोडीला ४३५ डॉलर लावलेले सापडले आणि तेव्हापासून जगभरचे विनोदकार तीच हातोडी उगारत आले आहेत. किस्सा तोंडोतोंडी फिरत गेला तशी ती ६०० डॉलरची झाली. मुळात घडले होते ते असे. त्या कंत्राटातला अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचा वरखर्च यादीतल्या प्रत्येक वस्तूवर सारखा वाटला होता. किचकट यंत्रभागावर जेवढा बोजा, तेवढाच हातोडीवर. हातोडी मुळात १५ डॉलरच्या आसपासची होती, उरलेले ४२० डॉलर हिशेबाच्या पद्धतीने तिच्या माथी आले. त्याच यादीतले किचकट भाग त्यामुळे होते त्यापेक्षा स्वस्त दिसत होते. ते कोणी मोजले नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

६४० डॉलरच्या ‘कमोडच्या सीट’चेही असेच. पी-३ ओरायन या पाणबुडीशोधक विमानातले ते शौचकुपाभोवतीचे प्लास्टिकचे मोठे साचेबंद आवरण होते. ओरड झाल्यावर कंपनीने किंमत १०० डॉलरवर आणली, तेव्हा आरोपात तथ्य होतेच. पण प्रेक्षकांच्या डोक्यात जे चित्र राहिले ते बाजारात मिळणाऱ्या सीटचे.

एवढ्याशा तपशिलावर मी का अडून बसले आहे? कारण चुकीच्या जागी हसले की उपायही चुकीच्या जागी होतो. हातोडीवर हसलेल्या लोकप्रतिनिधीला वाटते की भांडारातला माणूस चोर आहे. मग तो आणखी एक तपासणी, आणखी एक प्रमाणपत्र, आणखी एक सही मागतो. प्रत्येक सहीमागे एक टेबल उभे राहते, आणि त्या टेबलावर फाईल किती दिवस थांबेल याला मर्यादा नसते. हातोडीवरच्या विनोदाने कोट्यवधींचा अपव्यय थांबवलेला नाही. टेबले मात्र वाढवली आहेत.

खरा विनोद वस्तूची किंमत ठरण्याच्या कितीतरी आधी घडलेला असतो. वस्तू कशी हवी, हे ज्या कागदावर लिहितात त्या कागदावर. तिथे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. निकषांचा मसुदा टेबलांवरून फिरतो. समासात ‘हेही असावे’ असे लिहायला कोणालाच काही लागत नाही. ‘हे काढावे’ असे लिहिणाऱ्याला मात्र कारण द्यावे लागते, आणि पुढे काही बिनसले तर काढणाऱ्याचे नाव फायलीत कायमचे राहते. त्यामुळे मसुदा परत येतो तो जाडच होऊन. या खोलीत मूर्ख कोणी नसतो. प्रत्येकाची भर सुटी वाचली तर शहाणपणाचीच असते. हे तुम्ही रंगमंचावर आणलेत, तर त्याच्यासमोर बावळट सेनापतीचा नेहमीचा विनोद फिका पडेल.

ब्रॅडली या अमेरिकी चिलखती गाडीची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल, तिच्यावर हशा पुष्कळ झाला आहे. १९६० च्या दशकात सुरुवात झाली ती सैनिकांना रणांगणावर सुरक्षित पोहोचवणाऱ्या गाडीपासून. समोर सोव्हिएत संघाची नवी चिलखती गाडी आली, तेव्हा आपल्या गाडीला तोफ हवी असे ठरले. टेहळणी पथकांनाही तीच गाडी द्यायची ठरली. शत्रूचे रणगाडे भेदायला क्षेपणास्त्रे आली. तोफेसाठी वर फिरता बुरूज आला, बुरुजाने आतली जागा घेतली, क्षेपणास्त्रांनी आणखी घेतली. जुन्या गाडीत मागे अकरा सैनिक बसत, नवीत सहा-सात. १९८१ मध्ये ती सेवेत आली तेव्हा कवच मुख्यतः अॅल्युमिनियमचे होते आणि पोटात स्फोटके, दारूगोळा आणि माणसे एकत्र होती. आता यातली कोणतीही एक पायरी घ्या आणि तो निर्णय घेणाऱ्याला वेडा ठरवून दाखवा. ठरवता येणार नाही. म्हणून तर ही गोष्ट हसवते, आणि घाबरवतेही.

या तंत्राला सीमा नाहीत आणि काळही नाही. २०११ मध्ये भारतीय लष्करासाठी अशा रायफलीची निविदा निघाली की नळी बदलली की तिने दोन वेगवेगळ्या व्यासांच्या गोळ्या झाडाव्यात, आज एक, उद्या दुसरी. कागदावर ही मागणी मोठी समंजस दिसते. एकाच हत्यारात दोन कामे होतील. चार वर्षे गेली आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. तेवढा काळ सैनिक जुनीच रायफल वापरत राहिला.

पण निकषांपेक्षाही समृद्ध खाण म्हणजे चाचणी. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण तुमच्यापैकी फार थोड्यांनी ती खणली आहे.

१६२८ सालचे स्टॉकहोम डोळ्यांसमोर आणा. स्वीडनचा राजा गुस्ताव अॅडॉल्फ युद्धावर परदेशी आहे आणि ‘वासा’ ही नवी युद्धनौका लवकर समुद्रात उतरवा म्हणून त्याचा तगादा चालू आहे. जहाजावर एकावर एक असे तोफांचे दोन मजले आहेत, ६४ तोफा आहेत. जहाज उंच झाले आहे, तळाला भार पुरेसा नाही. ज्याने ते बांधायला घेतले तो कारागीर वर्षभरापूर्वीच वारला आहे. निघण्याआधी धक्क्यावर स्थिरतेची चाचणी घेतात. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम धावायला सांगतात. एक फेरी, जहाज डोलते. दुसरी, अधिक डोलते. तिसऱ्या फेरीला ते इतके कलते की अॅडमिरल फ्लेमिंग चाचणी थांबवायला सांगतो. धक्क्याशीच जहाज उलटेल अशी धास्ती वाटली, म्हणून.

चाचणी थांबली, मोहीम थांबली नाही. १० ऑगस्टला वासा निघाली. वाऱ्याचा एक झोत आला, ती कलली, तोफांसाठी उघड्या ठेवलेल्या खालच्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि सुमारे १,३०० मीटर अंतर कापून ती बंदरातच बुडाली. सोबत तीसेक माणसे गेली. चौकशी झाली. कोणालाही शिक्षा झाली नाही, कारण मोजमापांना मान्यता खुद्द राजाची होती आणि बांधणारा हयात नव्हता.

ही घटना मी अनेकांना सांगितली आहे. सगळे तीन फेऱ्यांवर हसतात आणि झरोक्यांपाशी गप्प होतात. तुमच्या कलेला याहून चांगला कच्चा माल मिळणार नाही. चाचणीत सगळे उघड झाले होते. ज्यांना कळायला हवे, त्या सगळ्यांना कळले होते. तरी निकाल वरपर्यंत नेण्याची वाटच नव्हती, कारण वर बसलेल्याने उत्तर आधीच ठरवले होते.

साडेतीनशे वर्षांनी ब्रॅडलीच्या वेळी तेच झाले. अमेरिकी हवाई दलाचे कर्नल जेम्स बर्टन यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर साधा आग्रह धरला होता. लढाईत जशी असेल तशी, इंधन आणि दारूगोळ्याने भरलेली गाडी उभी करा आणि तिच्यावर खरी शस्त्रे डागून पाहा. इंधनाच्या टाकीत पाणी भरून काढलेल्या निष्कर्षांवर त्यांचा आक्षेप होता. पाणी पेट घेत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. त्यासाठी त्यांना टिपणांवर टिपणे लिहावी लागली, बदलीला तोंड द्यावे लागले आणि शेवटी सेवानिवृत्ती घ्यावी लागली. मात्र १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला, की अशी वाहने आणि शस्त्रे पूर्ण उत्पादनात जाण्याआधी त्यांच्यावर खरा मारा करून चाचणी झालीच पाहिजे. एका हट्टी माणसाच्या कागदांतून झालेला कायदा, असे नाट्य मला तरी फार मोठे वाटते.

आता जे सांगते त्याने तुमच्यातले काही जण नाराज होतील. ब्रॅडलीवर हसताना गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. १९९१ च्या आखाती युद्धात ही गाडी उत्तम लढली. त्या युद्धात नष्ट झालेल्या २० ब्रॅडलींपैकी १७ आपल्याच बाजूच्या माऱ्यात गेल्या, शत्रूच्या नव्हे. तोपर्यंत तिचे कवच वाढले होते आणि आतल्या रचनेतही बदल झाले होते, आणि त्यात त्या चाचण्यांचा वाटा होता. तुम्ही गाडीला भंगार ठरवून पडदा टाकलात तर बर्टन यांच्या आग्रहाला फळ आले ही गोष्टच प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. मग त्यांना वाटते, सगळेच असे, काही बदलत नाही. ही भावना उधळपट्टी करणाऱ्यांच्या फार सोयीची असते.

अमेरिकेच्याच ‘सार्जंट यॉर्क’ या विमानवेधी तोफगाडीची कथा मात्र तशी सावरली नाही. पैसे आणि वेळ वाचावा म्हणून जुन्या रणगाड्याचा सांगाडा घेतला आणि एफ-१६ विमानाच्या रडारमध्ये फेरफार करून ते वर बसवले. विचार काटकसरीचा होता. आकाशात उडणाऱ्या विमानासाठी केलेल्या त्या रडारला जमिनीवरून हेलिकॉप्टर कोणते आणि झाड कोणते हे नीट ओळखता येईना. सुमारे १८० कोटी डॉलर खर्चून ऑगस्ट १९८५ मध्ये संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांनी प्रकल्प बंद केला.

ब्रिटनचे सागरी टेहळणीचे निमरॉड विमान तर दृश्य माध्यमासाठीच घडले असावे इतके बोलके आहे. जुनी विमाने नवी करायची ठरली, कारण नवी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. १९९६ मध्ये २१ विमानांचे कंत्राट झाले. नवे पंख आधुनिक यंत्रांवर अगदी अचूक मापाने तयार झाले. जुनी धडे १९६०च्या दशकात हाताने बांधलेली होती आणि त्यांतली दोन एकमेकांशी जुळत नव्हती, फरक इंचांत होता. त्या हँगरमध्ये उभ्या असलेल्या जोडाऱ्याचा विचार करा. त्याच्या हातात अचूक पंख आहे, समोर प्रत्येक वेळी वेगळे धड आहे, आणि चूक त्याची नाही, पंख घडवणाऱ्याची नाही, कितीतरी वर्षांपूर्वीच्या कारागिराचीही नाही. संख्या २१ वरून नऊवर आली आणि २०१० मध्ये प्रकल्पच गुंडाळला. पुढच्या वर्षी ती विमाने तोडून भंगारात काढली.

त्याच देशाने १९९५ मध्ये आठ चिनूक हेलिकॉप्टरे मागवली. २००१ मध्ये ती आली. उड्डाणाला सुरक्षित म्हणून प्रमाणपत्र द्यायचे तर आतले सॉफ्टवेअर तपासायला हवे, आणि ते तपासायला मिळेल अशी तरतूद करारात नव्हती. हेलिकॉप्टरे चांगली होती. पण स्वच्छ हवेत आणि ठरावीक उंचीच्या वरच उडण्याची मुभा मिळाल्याने ती वर्षानुवर्षे हँगरमध्ये राहिली. शेवटी त्यांतली नवी यंत्रणा काढून जुनी बसवली, तेव्हा ती कामाला आली.

अमेरिकी नौदलाच्या झुमवाल्ट विनाशिकांचे गणित तुमच्यापैकी कोणीतरी प्रवेशात बसवावे, असे मला फार वाटते. बेत ३२ नौकांचा होता, झाल्या तीन. नौका कमी झाल्या की संशोधनाचा सगळा खर्च उरलेल्यांवर पडतो, किंमत चढते, किंमत चढली म्हणून संख्या आणखी कमी होते. या नौकांवरच्या तोफांसाठी खास लांब पल्ल्याचे गोळे तयार केले होते. गिऱ्हाईक एवढेच तीन उरल्यावर एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली, आणि २०१६ मध्ये नौदलाने ती खरेदी सोडून दिली. जगातल्या अत्यंत आधुनिक तोफा गोळ्यांविना समुद्रात फिरत राहिल्या. यात भ्रष्टाचार नाही, लाच नाही. नुसता भागाकार आहे.

क्वचित एकट्या माणसाचा हट्टही असतो, तेही खरे. अफगाण सैन्याच्या गणवेशासाठी जंगलाच्या रंगसंगतीचे कापड निवडले गेले, कारण तिथल्या संरक्षणमंत्र्यांना ते आवडले. देशात जंगल सुमारे २.१ टक्के. २०१७ मध्ये अमेरिकी तपासनीसांनी हिशेब काढला, तेव्हा या आवडीपायी जादा गेलेली रक्कम २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत निघाली. असे किस्से जरूर घ्या, पण यांच्यावरच थांबू नका. रागीट मंत्री किंवा मिशीवाला जनरल दाखवला की प्रेक्षकांना वाटते, हा गेला की सगळे सुरळीत होईल. तो जातो, आणि मसुदा त्याच टेबलांवरून फिरत राहतो.

तुमच्या संहितांत प्रामाणिक माणूस नेहमी गंभीर, सुतकी चेहऱ्याचा असतो, हेही मला खटकते. अर्नेस्ट फिट्झगेराल्ड यांचे उदाहरण पाहा. अमेरिकी हवाई दलाचे हे खर्चतज्ज्ञ. नोव्हेंबर १९६८ मध्ये सिनेटर प्रॉक्समायर यांच्या समितीपुढे त्यांना विचारले गेले, सी-५ए वाहतूक विमानाचा खर्च दोन अब्ज डॉलरने वाढतो आहे का? त्यांनी खरे ते सांगितले. थोड्याच दिवसांत त्यांना कळवण्यात आले की तुमची कायम नोकरी ही संगणकाची चूक होती. मग त्यांना थायलंडमधल्या एका बोलिंग अॅलीचा खर्च तपासायला दिला. पुढे त्यांचे पदच काढून टाकले, आणि कारण दिले काटकसरीचे. १९७३ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश झाला, त्यानंतरही ते वर्षानुवर्षे भांडत राहिले. या माणसाला विनोदबुद्धी भरपूर होती, त्याशिवाय असे आयुष्य काढता येत नाही. त्याला तुमच्या नाटकाचा नायक करा आणि त्याला हसू द्या.

आता जे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते. तुमच्या बहुतेक प्रहसनांत सभागृह असते, कार्यालय असते, मेजवानी असते, गाडीत बसणारा सैनिक मात्र नसतो. ब्रिटनमध्ये एजॅक्स नावाच्या चिलखती वाहनाच्या चाचण्या झाल्या. त्या घेणाऱ्या सैनिकांना आवाजाचा आणि कंपनांचा इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या आणि अनेकांचे कान तपासावे लागले. चौकशीत निघाले की धोक्याच्या सूचना आधी दिल्या गेल्या होत्या, त्यांवर वेळेत हालचाल झाली नाही. वासावरच्या त्या तीस माणसांसारखेच हे सैनिक. ज्यांच्या शरीरावर चाचणी झाली, त्यांना काय जाणवले ते स्पष्ट होते. कागदावर येईपर्यंत मात्र ते ‘निरीक्षण’ झाले आणि पुढच्या टेबलावर ‘किरकोळ त्रुटी’. हा प्रवास प्रेक्षकांना पाहू द्या. एक अहवाल चार टेबलांवरून जाताना त्यातले एकेक विशेषण कसे बदलते, एवढ्यावर अख्खा अंक उभा राहील. आणि तो अंक चालू असताना एका कोपऱ्यात त्या गाडीत बसलेला पोरगा सतत दिसत राहिला पाहिजे. त्याला संवाद नसला तरी चालेल.

साहित्यासाठी तुम्हांला हेरगिरी करावी लागणार नाही. ब्रिटनचे नॅशनल ऑडिट ऑफिस, अमेरिकेचे जीएओ आणि भारताचे कॅग या लेखापरीक्षण संस्था, अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवरच्या खर्चाची तपासणी करणारी अमेरिकेची सिगार ही संस्था, सगळ्यांचे अहवाल खुले आहेत. ते वाचताना खात्याने दिलेले उत्तर कधी सोडू नका. आक्षेपाखाली दोन-तीन ओळींत ते छापलेले असते, आणि इतके अस्सल संवाद मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाहीत. अहवालांतल्या परिभाषेत कोणी अडले, तर टिपणांची भाषा उलगडून सांगायला मी आनंदाने बसेन. त्याचे मानधन नको.

कळावे,

तुमची एक प्रेक्षक,
निवृत्त खरेदी कर्मचारी